जागेवर बसून

आमच्या ह्यांना नगरपालिकेत सगळे ‘नकोबा’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. ह्यांना त्याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं. अकरा वर्षं निवडून येताहेत आणि अकरा वर्षं एकच सांगताहेत : खर्च नको, नवा कर नको, कर्ज तर नकोच नको. सभेचा भत्ता स्वतःसुद्धा घेत नाहीत. धंदा कुलपांचा. किल्ली घासता घासता गिऱ्हाइकाला ऐकवतात, की कर म्हणजे दुसऱ्याच्या घामाचा पैसा, तो आपल्या बापाचा असल्यासारखा उधळायचा नसतो. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही घडाघडा म्हणून दाखवीन.

आणि खोटं कशाला बोलू, निम्मं मला पटतंही.

नगरपालिकेत एक नियम ह्यांनीच आणलाय. कुठलाही खर्च वाढवायचा किंवा तोडायचा असेल, तर आधी एका सदस्यानं त्या जागेवर अख्खा दिवस बसायचं आणि अहवाल द्यायचा. बाकीच्यांना कंटाळा, म्हणून दरवेळी हेच जातात. डबा, वही आणि घडीची खुर्ची घेऊन. दिव्यांच्या गोदामात असेच बसले आणि सात माणसांमागे एकोणीस शिड्या शोधून काढल्या. पुढे महिनाभर त्या शिड्या आमच्या जेवणात होत्या.

मग मंदी आली. मोठा कारखाना आठवड्यातून तीन दिवसांवर आला, नंतर अर्धा बंदच पडला. नवी कुलपं कोणी घेईना. जुनी बदलायला मात्र बोलावणी येत, कारण भाडेकरू घरं सोडून जात होते. नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट. सभेत काथ्याकूट होऊन शेवटी दोनच वाटा उरल्या : घरपट्टी वाढवा, नाहीतर पाळणाघर बंद करा.

पाळणाघर म्हणजे मी. सतरा वर्षं सकाळी साडेसहाला तिथलं दार मीच उघडतेय. कारखान्यातल्या बायकांची पोरं, दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची.

“ज्याचं काम गेलं त्याच्याकडे जास्त घरपट्टी मागायची?” हे जेवताना म्हणाले. “कुठल्या तोंडानं मागू?”

“आणि माझं काम?”

“घरचा प्रश्न आहे म्हणून मी मत देणार नाही. पण अहवाल द्यावाच लागेल. दुसरं कोणी जायला तयार नाही.”

“या की. फक्त खुर्ची आणा. आमच्याकडच्या वीतभर उंचीच्या आहेत.”

आले. दाराजवळ खुर्ची मांडून बसले. मी पोरांना भरवलं, धुतलं, पुसलं, झोपवलं, दोघांची मारामारी सोडवली, एकाच्या नाकातला खडू काढला. हे लिहीत होते. दिवे दिवसा बंद असतात, साबणाचे तुकडे चिकटवून वापरतात, जुन्या चादरींच्या लंगोट्या शिवतात, सगळं टिपून घेतलं. काटकसर त्यांच्याकडूनच शिकले होते मी. बोट ठेवायला त्यांना जागा मिळेना.

चूक माझीच झाली. रोजच्या सवयीनं मी हजेरीची वही उघडली आणि अठराच्या अठरा नावांपुढे खुणा केल्या. खोलीत पोरं होती नऊ.

दोन-अडीच महिने मी हेच करत होते. बाईचं काम गेलं की ती पोराला घरी ठेवते. पोर महिनाभर आलं नाही की नियमाप्रमाणे त्याची जागा जाते. मग त्या बाईला नवं काम मिळालं तर ती पोर ठेवणार कुठे? म्हणून खुणा. त्या दिवशी वही लपवायचं माझ्या मनातही आलं नाही. दारात माझा नवरा बसलाय असंच मी धरून चालले होते.

घरी आल्यावर मी सरळच बोलले. “नऊ लिहिलंत तर ते बंद होईल.”

“माहीत आहे.”

“मग अठरा लिहा. एकदाच.”

ते बराच वेळ नखातला तेलाचा काळा मळ काढत बसले. “अठरा लिहिलं तर उद्या एकोणीस शिड्यांवर मी कसा बोलू?” म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. भांडायला माझ्याही अंगात त्राण नव्हतं.

सभेला मी मागच्या बाकावर बसले. ह्यांनी वाचलं, “पटावर अठरा, हजर नऊ.” कुणीतरी विचारलं, खोट्या खुणा केल्या कोणी?

“माझ्या बायकोनं,” हे म्हणाले आणि खाली बसले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाळणाघर त्या महिनाअखेरीस बंद झालं. घरपट्टी वाढली नाही. रस्त्यात दोघातिघांनी ह्यांचा हात हातात घेऊन आभार मानले, त्यातला एक तर काम गेलेलाच होता. म्हणजे हेही काही चुकीचं बोलत नव्हते. पण मला ह्यांचं तोंड बघवत नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे किल्ली ठेवली.

“दुकानाचा मागचा भाग रिकामा केलाय. सामान माळ्यावर टाकलं. नऊ पोरं मावतील, अठराही मावतील. सरकारनं करू नये ते आपण करावं, हे मी पहिल्यापासून म्हणतोय. उद्या पोरांच्या आया येतील, निरोप दिलाय.”

कौतुक वाटलं मला, खरंच. माणूस बोलतो तसा वागतो, हे मी जन्मभर पाहत आले होते. मग विचारलं, “आणि माझा पगार?”

“अगं, आत्ता कुणाकडून घेणार? बघू पुढे.”

म्हणजे नगरपालिकेचा खर्च वाचला, लोकांचा कर वाचला, आणि तो सगळा माझ्या कमरेवर येऊन बसला. मी किल्ली उचलली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

“तत्त्व तुमचं आहे ना? मग दार तुम्हीच उघडा. साडेसहाला. एक मिनिट उशीर झाला तर त्या बायकांचा खाडा लागतो.”

दुसऱ्या दिवशी पाचलाच डोळे उघडले, पण मी उठले नाही. ते अंधारात चपला शोधत होते, शोधू दिल्या. मग एकटीच पडून रडले, अगदी पोटभर. नऊला उठून केस धुतले. अकराच्या सुमाराला दुकानाकडे गेले.

समोर एक गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन ताटकळत होतं. आत दोन पोरं एका बादलीसाठी भांडत होती, तिसरं उघडं पळत होतं, जमिनीवर दूध सांडलं होतं. हे मधोमध उभे. सदरा खांद्यापासून ओला, चष्मा गायब, कडेवर एक झोपलेलं पोर. घडीची खुर्ची भिंतीला टेकून मिटलेलीच होती.

मला बघून हळूच, पोर उठू नये अशा बेतानं म्हणाले, “अगं, हे तू एकटी... रोज? सतरा वर्षं?”

“तुम्ही बसला होतात की अख्खा दिवस.”

त्यांनी पोर माझ्याकडे सरकवलं. मी हात पुढे केले नाहीत.

“आधी अहवालात लिहा,” मी म्हणाले.