धुरकट काच

शेवटच्या रविवारी बाबा विमानाच्या पोटाला राखाडी रंग देत होते. आयुष्यभर कारखान्यात बसगाड्या रंगवलेला माणूस, निवृत्तीनंतर तळहातावर मावतील अशी प्लॅस्टिकची विमानं जोडत बसायचा. जेवणाचं अर्धं टेबल त्यांनी कधीच बळकावलं होतं.

"उरलेलं अर्धं तरी राहू द्या," आई म्हणाली. "नाहीतर पंखांवर ताटं मांडीन."

"वाळले की मांड," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चिमणे, वैमानिकाच्या डोक्यावरची काच तू बसव. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं.

वर्षभरापूर्वी धूळ पुसताना माझा धक्का एका विमानाला लागला. काच बाबांनी आदल्याच संध्याकाळी बसवलेली, गोंद पुरता सुकला नव्हता. ती निघून आली. बाबा बाहेर गेले होते. मी घाईघाईने झटपट चिकटणारा गोंद लावून मोकळी झाले. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर धरते, हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत काचेत मोतीबिंदू उतरला. भिंग लावून चार दिवस रंगवलेला आतला वैमानिक, त्याच्या खांद्यावरचे पट्टे, सगळं दिसेनासं झालं.

बाबांनी गोंदाच्या दोन्ही बाटल्या उचलून डोळ्यांजवळ नेल्या. "चुकीची बाटली घेतली वाटतं मी. नजर गेली गं."

चाळिशी उलटलेली बाई मी, फुलदाणी फोडलेल्या पोरीसारखी गप्प बसले. दोन दिवसांनी सांगणं अवघड झालं, महिन्याने त्याहून. बाबांनी त्यानंतर एकही काच स्वतः बसवली नाही. मी बसवायचे आणि ते म्हणायचे, "माझ्यापेक्षा तुझा हात साफ." ते कौतुक मी घेत राहिले.

त्या रविवारी शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते खुशीत होते, गुणगुणत ब्रश धूत होते. म्हटलं, उद्या काच बसवताना सांगू.

सोमवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. बसवेना म्हणून फळीपाशी जाऊन एकेक विमान पाहू लागले. मागे सरकवलेलं ते विमान त्यांनीच बाहेर काढलं.

"हे असं कसं झालं, वहिनी?"

"नजर गेली होती त्यांची," आई म्हणाली. "फार मनाला लावून घेतलं. मला म्हणाले, आपलं काम संपलं आता."

हे मी प्रथमच ऐकत होते.

"दादाचा हात!" काकांनी मान हलवली. "एका दमात अख्ख्या बसवर सरळ पट्टा ओढायचा. शेवटी तो हात गेलाच म्हणायचा."

आई डोळे पुसत होती. ते खोडून काढायला बाबा नव्हते. आणि असते, तरी त्यांनीही हो म्हणत मान हलवली असती.

"नाही काका," मी म्हणाले. आवाज त्या खोलीत नको इतका मोठा निघाला. "बाबांचा हात शेवटपर्यंत जागेवर होता. ती काच मी बिघडवली. चुकीचा गोंद मी लावला, आणि वर्षभर त्यांना ती स्वतःची चूक वाटू दिली."