राजेश्वरीच्या नावावरचा कॅमेरा

सांगलीत तेवीस वर्षं कॅमेरे विकतोय, पण गिऱ्हाईकानं माल घ्यायला हात जोडलेत हे मी गेल्या साली पहिल्यांदा पाहिलं. एरवी हात मी जोडतो. कंपनीनं एक भारी कॅमेरा काढला, आणि काढला तोही असा मोजूनमापून, की माझ्याकडे तीन महिन्यांत एक नग यायचा. अनामत भरा, यादीत नाव घाला, फोन येईपर्यंत गप्प बसा. गप्प मात्र कुणी बसत नव्हतं. "काका, माझा नंबर कितवा?" ह्या एका प्रश्नानं माझं डोकं उठलं होतं. ऊसतोडीसाठी कारखान्यावर खेटे घालणारी माणसं ह्यांच्यापुढं सोशिक म्हणायची.

विट्याचा मल्हार ह्या सगळ्यांचा म्होरक्या. लग्नाचे फोटो काढतो. हात चांगला, धीर नाही. विट्याची गलाईवाली मंडळी देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, लग्नाला गावी येतात आणि फोटोवाल्याला आधी कॅमेऱ्याचं नाव विचारतात. अशाच एका शेटनं मल्हारला बजावलं होतं, लेकीच्या लग्नात हाच कॅमेरा दिसला पाहिजे, नाहीतर पुण्याहून माणूस आणतो. लग्न रविवारी होतं. ते काम गेलं असतं तर त्या भावकीतली पुढची सगळी लग्नं गेली असती.

गडी ऊसवाल्यांच्या घरातला. ऊस लवकर तुटावा म्हणून आमच्याकडे एकाच्याच नावानं नोंद करून कुणी थांबत नाही. बायकोच्या नावानं करतात, आईच्या नावानं करतात, वर दोन-दोन कारखान्यांना करतात. मल्हारनं इथंही तेच केलं. एका आधार कार्डावर एकच नंबर, असा कंपनीचा नियम. म्हणून त्यानं स्वतःच्या नावानं साताऱ्याला नंबर लावला, बायकोच्या नावानं कोल्हापूरला आणि माझ्याकडे थोरल्या बहिणीच्या, राजेश्वरीच्या नावानं. नेमका माझ्याकडचा नंबर आधी लागला. बुधवारी नग आला.

ज्याच्या नावावर नंबर, त्यानंच दुकानात येऊन सही करायची आणि बिल, हप्ते दोन्ही त्याच्याच नावावर, हे मी मल्हारला फोनवर सांगितलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"आक्का व्हय? ती यील की. सही तर करायची हाय."

राजेश्वरी माधवनगरला दिलेली. गुरुवारी सकाळी ती रिक्षानं आली. तिच्याआधी मल्हार साडीची पिशवी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन हजर होता. ती साडी पाहून मला हसूही आलं आणि रागही. आमच्याकडे बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडला, की तिला साडी नेसवतात, जेवू घालतात आणि एसटीत बसवून देतात. मग भाऊ गावभर सांगत फिरतो, बहिणीचं मन लय मोठं. मन बहिणीचं मोठं आणि रान भावाचं.

मी खोकं उघडलं. मल्हारनं हात पुढे केला, पण नियमाप्रमाणे मी कॅमेरा राजेश्वरीच्या हातात दिला. तिनं तो धरला आणि मी बघतच राहिलो. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं अंगाशी, श्वास रोखलेला. समोरच्या केळीवाल्याचा एक फोटो तिनं टिपला आणि पडद्याकडे पाहून स्वतःशीच हसली. बोलता बोलता कळलं, लग्नाआधी सहा वर्षं विट्यातला मल्हारचा स्टुडिओ हीच चालवायची. मल्हारला कॅमेरा धरायला हिनंच शिकवलं. माधवनगरच्या शाळांचे फोटो अजून काढते, एका जुनाट कॅमेऱ्यावर.

"आक्का, हितं सही," मल्हारनं पिशवी तिच्यापुढं सरकवली.

तिनं आत डोकावून पाहिलं. "मागल्या टायमाला जांभळी हुती, दोन एकराची. ही कशाची रं?"

मल्हार एकटाच हसला. "आगं, तुझं नाव निस्तं लावायला हुतं."

"जमिनीला नाव हुतं, तवा काढायला बोलावलंस. हितं नव्हतं, तर लावलंस. मला ईचारलंस कवा?"

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळंच ते जास्त लागलं.

"सही करते," ती म्हणाली. "निम्मे हप्ते मी भरीन. आपल्या हिरीचं पानी आबांनी आन् चुलत्यांनी कसं वाटून घेतलंय? वार लावून. तसंच ह्याचं. सोमवार ते बुधवार तुझा, गुरुवार ते शनवार माझा."

"आन् रविवार?"

"रविवारचं पानी थोरल्याचं असतं. थोरली मी हाय."

मल्हारचा चेहरा उतरला. "काका, तुमी तरी सांगा हिला."

मी काय कपाळ सांगणार? ज्या जागेवर हे दुकान उभं आहे, तिथं माझ्या बहिणीचा, मनुबाईचाही वाटा होता. तिची सही घेतली त्या दिवशी तिला साडी देऊन मी घाईघाईनं स्टँडवर सोडलं होतं, जेवायलासुद्धा थांबवलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती आजवर कधी वाटली नव्हती ह्याची जास्त वाटली.

"बिल तिच्या नावाचं आहे बाबा," मी म्हणालो आणि पेन राजेश्वरीकडे दिलं.

तिनं सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मल्हार काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा होता.

"शेटला काय सांगू?" शेवटी त्यानं विचारलं.

"कॅमेरा यील म्हणून सांग. त्येला त्योच पायजे हाय न्हवं?"

"आन् मी?"

"तूबी ये की. दोघं असलो म्हंजी एकबी फोटू चुकायचा न्हाई."

तो कपाटाकडून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "रविवारी सकाळी सातला गाडी घिऊन येतो."

"चारला ये. नवरी उजाडायच्या आत नटाय बसती."

बॅग कुणी उचलायची, हे तिनं सांगितलं नाही. मल्हारनं ती खांद्याला लावली आणि तिच्या मागं पायऱ्या उतरला.