आडवी फळी

टोराने ठरवलं की ठरवलं. यंदा हिवाळाभर बेकरी उघडी राहणार, असं तिने ऑगस्टातच गावाला सांगून टाकलं, आणि गावाने कॉफीचा घोट घेत मान डोलावली. स्वीडनच्या या उत्तरेकडच्या नदीकाठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. पाठ फिरली की मग म्हणतात.

तोंडावर म्हणणारा एकटाच, तिचा थोरला दीर हेल्गे. बेकरीची इमारत निम्मी त्याची. सासऱ्यांच्या काळापासूनची रीत अशी, की नदी गोठायच्या आत नळांतलं पाणी काढून टाकायचं, भट्टी विझवायची आणि दारावर एक आडवी फळी ठोकायची. मग मे महिन्यापर्यंत इमारत झोपलेली. फळी दरवर्षी तीच, ठोकणारा हेल्गेच. हे लाकडी खोकं हिवाळ्यात तापायचं नाही, नळ फुटतील, हे त्याचं पालुपद.

टोराचा नवरा आर्विद गेला, त्यानंतरचे हिवाळे तिने घरात बसून भिंतींकडे बघत काढले होते. आणखी एक तसा काढणं तिच्याच्याने होणार नव्हतं. वेड लागलं असतं तिला. पण हे ती कुणाला कशाला सांगेल? लोकांना थंडीतही भाकरी लागतेच की, एवढंच म्हणाली.

शेवटी हेल्गेने अट घातली. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी नळाला पाणी आलं आणि भट्टीतून भाकरी निघाली, तर तो पुन्हा ब्र काढणार नाही. नाहीतर फळी. टोरा म्हणाली, चालेल. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मग बाईने पदर खोचला म्हणायचं. माळ्यावरून खिडक्यांची आतली तावदानं उतरवली, दोन काचांमध्ये ओल टिपायला वाळकं शेवाळ पसरलं, फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खळ अर्थातच जवाच्या पिठाची, बेकरीत दुसरी कुठली असणार! दाराच्या चौकटीला नमदा मारला, नळांना जुनी घोंगडी गुंडाळली. शनिवारी सकाळचं भाजणं उरकल्यावर गाव मदतीला आलं आणि सगळ्यांनी जोत्याभोवती भुशाची पोती आणि स्प्रूस झाडाच्या फांद्या रचल्या. हेल्गेही आला. दुसरे राबताहेत आणि आपण बसलोय, हे त्याला जन्मात जमलेलं नाही. उत्तरेकडची बाजू त्याने न सांगताच अंगावर घेतली. संध्याकाळी टोराने खिडकीखिडकीशी मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत जागची हलली नाही.

रविवारी बेकरी बंद, आणि त्याच रात्री पारा उणे पंचवीसवर उतरला. सोमवारी सकाळी हेल्गे दारात हजर, काखेत फळी, खिशात हातोडी. टोराने नळ उघडला. तो दोनदा थुंकला आणि धो धो वाहू लागला. मग तिने भट्टीत बर्चचं लाकूड पेटवलं, आणि धूर धुराड्यातून जायचा सोडून सरळ खोलीत आला. क्षणात दोघांच्या डोळ्यांतून पाणी.

हेल्गे खोकत म्हणाला, "टोरा, भाकरी राहू दे, मासे लटकव. धुरवलेल्या माशांना गिऱ्हाईक आहे इथे."

पण हात टेकणारी ती नव्हे. तिने दार उघडलं, तसा धूर निमूट धुराड्यात गेला. दार लावलं, की पुन्हा खोलीत. म्हणजे धुराडं ठीक होतं, भट्टीला श्वास मिळत नव्हता. तिने सगळं बुजवलं होतं खरं, पण भट्टीखालचा झरोका मुद्दाम मोकळा ठेवला होता. तो जोत्यातून उत्तरेकडे उघडायचा. तिने वाकून त्याच्यापाशी हात धरला. वाऱ्याची झुळूक नाही.

"भावोजी, उत्तरेकडचा झरोका कुणी बुजवला?"

हेल्गे फळीकडे बघत राहिला. "मीच असेन. दरवर्षी बुजवतो. उंदीर शिरतात."

"दरवर्षी इमारत झोपवायची असते. यंदा जागी ठेवायचीय."

"हाताने आपोआप केलं गं. मुद्दाम करायचं असतं, तर नळांवरची घोंगडीच नसती का काढली?"

टोराला आधी भयंकर राग आला आणि मग हसू. जित्याची खोड, दुसरं काय. हेल्गे बाहेर जाऊन बर्फात आडवा झाला आणि त्याने झरोक्यातून गोणपाटाचा बोळा उपसून काढला. आत भट्टी घुमली, धूर वर गेला, ज्वाळा सरळ उभ्या राहिल्या.

पहिली भाकरी पातळ, फोड आलेली निघाली. टोराने लोणी लावून ती हेल्गेच्या हातात दिली. त्याने उभ्याउभ्याच खाल्ली, दाढीत भुसा तसाच.

"आर्विद दरवर्षी म्हणायचा, उघडी ठेवू या," तो म्हणाला. "मीच त्याचं ऐकलं नाही."

टोराने पुढचा गोळा लाटायला घेतला. हेल्गेने खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेली ती फळी गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे भट्टीत सारले.

"वाळकी आहे, चांगली पेटेल," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकांसाठी दार उघडायला गेला.