वाघोली ते वाकड

आफ्रिकेतल्या नद्या मी फळ्यावर डोळे मिटून काढायचो. नाईल कुठं वळते, काँगो कुठं पसरते, सगळं बिनचूक. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, पण एकाही कार्ट्यानं कधी विचारलं नाही, की गुरुजी, तुम्ही स्वतः कुठवर गेलात? बरं झालं विचारलं नाही. बीडच्या पुढं मी गेलो ते एसटीनं, खिडकीला टेकून, घोरत.

निवृत्त झाल्यावर मी बीडच्या एका डॉक्टरकडून जुनी पांढरी गाडी घेतली. चौसाळा ते बीड आणि बीड ते चौसाळा, एवढंच तिचं आणि माझं जग. तेवढ्यावर मी गावात असा फिरायचो, जणू गाडीचा शोध मीच लावला. आमची यशोधरा पुण्याला वाकडमध्ये राहते. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि जावई जीवन बँकेत. मार्चअखेर तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. भिमाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पाचव्या महिन्यातच मऊ लुगड्यांच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. मागची खोली चुन्यानं पांढरी केली, बाज विणून घेतली, डिंक आणि गोडंबी आणून डब्यात भरली. मी काय केलं? मी छाती फुगवून जाहीर केलं, "लेकीला मीच आणणार. माझ्या गाडीत."

मला ती घरात पाहिजे होती हो, खरं सांगतो. नोकरीला लागल्यापासून पोरगी पाहुण्यासारखी येते. बॅग उघडते न उघडते तोवर बंद करते. आता चांगले तीन-चार महिने ती त्या बाजेवर बसून मला हाका मारणार, या नुसत्या विचारानं मी एकटाच हसायचो. पण डॉक्टरनं बजावलं होतं, की आठवा लागला की प्रवास बंद. म्हणजे हातात होता फक्त एप्रिल.

चौसाळ्यापासून वाघोलीपर्यंत मला धास्ती नव्हती. नगरवरून सरळ रस्ता, डाव्या बाजूनं गप चालायचं. घोडं अडलं वाघोली ते वाकड या तुकड्यावर. नकाशात तो टीचभर. पण त्या टीचभरात सगळं पुणं आडवं झोपलेलं. मग मी माझ्या विद्येला हाक मारली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पुण्याचा नकाशा काढून बैठकीत चिकटवला. सिग्नल लाल, पूल निळे, आणि जिथं माणूस हमखास चुकतो ती जागा जांभळी. आठवड्याभरात सगळा नकाशा जांभळा झाला.

भिमाबाई नकाशासमोरून झाडू मारत जायच्या. "त्यापरीस पायी निघाला असता तर आत्तापस्तोर पोचला असता," म्हणायच्या.

फाट्यावर पप्पूचं चहाचं हॉटेल आहे. तिथं जो तो सल्ला द्यायला बसलेलाच. पप्पू म्हणाला, "गुरुजी, मोबाईल लावा की. बाई बोलती, ती म्हणंल तिकडं वळायचं." मी म्हणालो, तिचं नाव काढू नको. मागं एकदा त्या बाईचं ऐकून मांजरसुंब्याजवळ मी कुणाच्या तरी तुरीत गाडी घातली होती. मालक कुऱ्हाड घेऊन आलता. बाई आपली शांतच, म्हणे पुढे सरळ जा.

तरी दर आठवड्याला मी शनिवार ठरवायचो आणि लेकीला फोन करायचो. पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, नका येऊ. पुलाचं काम निघालंय, चार-चार तास गाड्या अडकतात." दुसऱ्या वेळी म्हणाली, "मंत्र्याचा दौरा आहे, सगळे रस्ते बंद." तिसऱ्या वेळी भुयारी रस्त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. प्रत्येक वेळी मी फोनवर अरेरे, अरेरे करायचो आणि पोटात कसं गार गार वाटायचं. चला, आणखी एक आठवडा सुटलो! नकाशावर एक जांभळा ठिपका वाढवायचो आणि दोन भाकरी जास्त खायचो.

भिमाबाईंचा मात्र धीर सुटला. "एप्रिल सरत आला! आठवा लागला मंजी डॉक्टर सोडायचा न्हाई. तुमच्या ह्या नकाशातच जन्मायचं का लेकरू?"

मी नकाशाकडं बघत बसलो.

त्याच संध्याकाळी रामहरी आला. रामहरी माझा वर्गमित्र, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, टोळी नुकतीच गावाकडं परतली होती. तो नकाशापुढं कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हे काय बे निवृत्ती, गोवर उठल्यावानी?"

मी सगळं सांगितलं. तो खो-खो हसला. "येड्या, आमी वीस ट्रॅक्टर घेऊन पार कर्नाटकात जातोत. नव्या ड्रायव्हरला काय नकाशा देतोत का? त्याला एकच सांगायचं. रस्ता बघू नको, पुढल्या ट्रॉलीचं शेपूट बघ. ते वळलं की वळ, ते थांबलं की थांब. बीडहून सकाळी पिंपरीची एसटी सुटती. पिंपरी आली मंजी वाकड हाकेवर. धर तिचं शेपूट!"

इतकी सोपी गोष्ट, आणि मी महिनाभर रंगपेट्या संपवत होतो. मी लागलीच ठरवलं. आणि दुसरं ठरवलं ते हे, की यशोधराला सांगायचंच नाही. सांगितलं की पुण्यात काहीतरी निघतं आणि माझी हिंमत चुलीत जाते.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी बीडच्या स्टँडबाहेर एसटीच्या पाठीशी लागलो. मागची सीट काढून गादी अंथरलेली, भिमाबाईनं तिच्यावर धुतलेली गोधडी टाकलेली. भिमाबाई घरी थांबल्या, म्हणजे लेकीला आडवं व्हायला जागा. निघताना म्हणाल्या, "माझी पोरगी नीट आणा." बाकी काही नाही.

एसटी पळाली की मी पळायचो. एसटीनं एका म्हातारीला उतरवायला ब्रेक मारला की मीही मारायचो. मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हर बिचारा हात बाहेर काढून मला साईड द्यायचा आणि मी बसल्या जागी हात जोडून नको म्हणायचो. नगरच्या पुढं गाडी ढाब्यावर थांबली तेव्हा कंडक्टर खाली उतरून सरळ माझ्या खिडकीशी आला.

"काका, आमच्या गाडीत तुमचं कुणी पळून चाललंय का?"

"न्हाई हो."

"मग पुढं जा की! किती वेळची साईड देतोत."

"मला मागंच राहायचंय," मी म्हणालो. "पिंपरीपस्तोर."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, मग नंबर प्लेटकडं पाहिलं आणि आत जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. मग दोघंही खिडकीतून डोकं काढून हसले. हसा म्हटलं. हसतील त्यांचे दात दिसतील.

वाघोली आली आणि मला दरदरून घाम फुटला. उजवीकडून दुचाक्या, डावीकडून रिक्षा, मधून एक शाळेतलं पोरगं सायकलवर, तेही मलाच म्हणतंय, काका, चालवा की! पण मी रामहरीचं वाक्य धरून बसलो. पुण्यात काय पाहिलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडं एकच उत्तर आहे. एसटीचं चेपलेलं लाल ढुंगण. एका सिग्नलला ती निघून गेली आणि मी अडकलो, तेव्हा माझ्या तोंडून "ए थांब गं!" असं निघालं. आणि खरं सांगतो, ती पुढच्या थांब्यावर थांबली होती. कंडक्टर दारात उभा राहून मला हात करत होता. त्या माणसाचं लई भलं होवो.

मग ती एकदा डावीकडं वळली, मीही वळलो. ती एका मोठ्या फाटकातून आत गेली, मीही गेलो. ती थांबली, मी थांबलो. आजूबाजूला बघतो तर सगळीकडं एसट्याच एसट्या आणि पाईपानं पाणी मारणारी माणसं. एकानं माझ्या गाडीवरही फवारा सोडला. तोवर वॉचमन शिट्टी फुंकत आलाच.

"ओ, डेपो आहे हा! इथं कावून आलात?"

तो आमच्याकडचा निघाला, गेवराईचा. 'कावून' ऐकलं आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. त्यानं वाकडचा रस्ता समजावला, कंडक्टरनं पाठीवर थाप मारली. तिथून पुढं मात्र शेपूट नव्हतं. मी दर चौकात काच खाली करून विचारत गेलो, दोनदा उलटा आलो, एकाची बोलणी खाल्ली. पण पोचलो! इमारतीखाली गाडी लावली आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून पोरासारखा हसत बसलो.

यशोधरानं दार उघडलं.

"बाबा? तुम्ही? तुम्ही आलात?"

"आलो! एकटा! गाडी चालवत!"

मी आत जाऊन पंख्याखाली बसलो आणि जे सुरू झालो, ढाबा, सिग्नल, डेपो, फवारा, सगळं सांगून टाकलं. ती समोर बसून ऐकत होती. मध्येच हसत होती, पण हसू तोंडावर ठरत नव्हतं. शेवटी मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "चल, भर बॅग. तुझी आई दारात उभी असंल."

ती उठली नाही. "बाबा, मला वाटलं तुम्हांला जमणार नाही."

"सगळ्या गावाला वाटलं होतं!"

"तसं नाही बाबा. मी त्यावरच विसंबून राहिले होते. तुम्ही ठरवत बसाल आणि आठवा लागेल."

मला आधी कळलंच नाही. मग हळूच विचारलं, "पुलाचं काम?"

"नव्हतं."

"मंत्री?"

तिनं मान हलवली.

"आन ते पाणी?"

"बाबा, एप्रिलात कुठलं पाणी साचतं? तुम्ही भूगोलाचे ना?"

माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यात वाहून गेली. पण ती हसत नव्हती, तिचे डोळे भरले होते. पाचव्या महिन्यात तिला एकदा रक्तस्राव झाला होता. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. इथल्या डॉक्टरीणबाईनं निभावून नेलं. तेव्हापासून तिला या बाईंपासून लांब जायची भीती वाटत होती. जीवनला माहीत होतं, आम्हांला त्यांनी कळू दिलं नव्हतं.

"आईला कसं सांगू?" ती म्हणाली. "तिनं खोली पांढरी केलीय. फोनवर रोज सांगते, आज हे आणलं, आज ते आणलं. रक्ताचं ऐकलं तर ती बाळ होईपर्यंत डोळा मिटणार नाही. आणि नुसतंच येत नाही म्हटलं तर म्हणेल, पोरीला माहेर जड झालं."

मला लई वाईट वाटलं. त्या बाजेवर बसलेली माझी पोरगी मी इतक्या वेळा मनात पाहिली होती, की ती उठून निघून गेल्यासारखं झालं. पण समोर जी बसली होती तिचे पाय सुजले होते आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी लहानपणी ताप आला की बघायची. मी जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "तू हितंच राहा. आईचं मी बघतो."

म्हणेपर्यंत फोन वाजलाच. भिमाबाई!

"पोचलात का? निघालात का तिला घेऊन?"

मी एकदा लेकीकडं पाहिलं आणि घसा खाकरला. "भिमा, पोचलो. पण माझ्याच्यानं ही गाडी मागं आणणं व्हायचं न्हाई."

"कावून?"

"हातपाय कापायलेत. डेपोत शिरलो, उलट्या रस्त्यानं गेलो, लोकांनी शिव्या घातल्या. एकटा मेलो असतो तर ठीक, पोटुशी पोरगी मागं घेऊन मी ह्या गर्दीत घालणार न्हाई. तूच ये हिकडं, एसटीनं. डिंक घे, गोधड्या घे. बाळंतपण हितंच करू."

आणि मग जे सुरू झालं! एवढं येत न्हाई तर गाडी घेतली कशाला, महिनाभर भिंत रंगवली ती कशाला, अन मी माझी पोरगी ह्या माणसाच्या हातात द्यायला निघालते! मी हो, हो म्हणत राहिलो. यशोधरा माझा दुसरा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती.

तिसऱ्या दिवशी भिमाबाई तीन बोचकी घेऊन आल्या. सगळी बोलणी पुन्हा एकदा समोरासमोर झाली. गावात तर विचारूच नका. पप्पूनं हॉटेलात गिऱ्हाइकांना माझा प्रवास साभिनय दाखवायला सुरुवात केली. रामहरी फोनवर म्हणाला, "येड्या, जाताना शेपूट धरलंस, येताना काय झालतं?" मी म्हणालो, गड्या, नाही जमलं.

जूनच्या अखेरीला यशोधराला कळा लागल्या आणि पुन्हा रक्त गेलं. जीवननं दहा मिनिटांत दवाखान्यात नेलं, डॉक्टरीणबाई धावत आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. भिमाबाईनं माझा सदरा मुठीत धरला होता, तो मुलगी झाली असं सांगायला नर्स बाहेर येईपर्यंत सोडला नाही. आई आणि लेक दोघीही सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, वेळेत आणलंत म्हणून.

भिमाबाईनं नात मांडीवर घेतली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "लई बरं झालं गं बाई, तुझ्या आज्याला गाडी चालवता येत न्हाई."

मी म्हणालो, न्हाईच येत.