जोडीची नळी

डॉक्टर तियाशाने रोग्याच्या मणक्यातलं पाणी काढून नळी प्रयोगशाळेकडे रवाना केली आणि सोबत रक्त पाठवायला विसरली. सिस्टर झोराने ते पाहिलं. गप्प राहण्यात तिचा नफा एवढाच, की मोठ्या डॉक्टरांसमोर त्या पोरीची एकदा फजिती. तोट्याचा हिशेब तिने केला नाही. मत्सराला एकच पारडं असतं.

सव्वीस वर्षं आमच्या इस्पितळात गोचिडीचा आजार म्हटला की झोरा. गोचीड चावून कुणाचं तोंड लकव्यासारखं वाकडं झालं, तर डॉक्टरही आधी तिला विचारत. मीही नर्सचं काम तिच्याच हाताखाली शिकले. मग राजधानीहून, ल्युब्लियानाहून तियाशा आली, आणि चार महिन्यांत लोक तिचं नाव घेऊन येऊ लागले.

पाणी काढलं त्या सकाळी तर खुद्द रोग्याने, विन्कोनेही घेतलं. विन्को झोराचा शेजारी, मधमाश्या पाळणारा. दोन्ही पाय लुळे पडत चाललेले. आणि त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या घरामागच्या उभ्या चढावर.

"झोरे, ही पोरगी हुशार गं! सगळे म्हातारपण म्हणाले. ही म्हणाली, गोचिडीचं विष पाठीच्या कण्यात उतरलंय. लाखात एखाद्याला होतं म्हणे."

"आणि मी काय इतकी वर्षं इथे शेळ्या राखल्या?"

"तू सुई छान टोचतेस."

प्रयोगशाळेला पाणी आणि रक्त एकाच दिवशीचं लागतं. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय निदान नाही. पाचव्या दिवशी तिथून विचारणा आली : रक्त कुठे? पुरावा नाही तर औषध नाही, म्हणत मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत तियाशावर बरसले. ती तडक खाटेपाशी गेली.

"चूक माझी, विन्कोकाका. पुन्हा टोचावं लागेल."

"टोच, बाळ."

झोरा कपाटाआड पुटपुटली, "माफीसुद्धा हिलाच छान जमते!"

"तुम्हाला दिसलं होतं ना?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलं?"

दुसऱ्या खेपेला निदान झालं. तीन आठवडे शिरेतून औषध चाललं. उजवा पाय परतला. डावा त्या वाया गेलेल्या दिवसांतच गेला होता.

तियाशाने या विरळा रोग्यावर राजधानीत भाषण दिलं, टाळ्या मिळवल्या. झोराला मिळाली ती तीन मिनिटांची फजिती, तीही दुसऱ्याची. आता दर रविवारी ती चढ चढून पेट्या उघडते आणि विन्को खाली खुर्चीत बसून ओरडतो, "हळू गं झोरे! देवमाणूस आहेस तू."

ती वळून पाहत नाही.