तीन खोक्यांतलं यंत्र

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण विक्रीचे साहेब तिचे सख्खे धाकटे दीर. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद तिच्याकडे असत. जिवंत जंतू गोठवून, वाळवून त्यांची भुकटी करणारी यंत्रं तिथे बनत. लशीला ती लागतात, आणि कुणाला रोग पसरवायचा असला तरी तीच लागतात. म्हणून मोठं यंत्र देशाबाहेर धाडायला सरकारी परवाना हवा, आणि परवाना म्हणजे चार महिने हेलपाटे. साहेबांनी यावर तोड काढली होती. यंत्र तीन खोक्यांत भरायचं, वेगवेगळ्या तारखांना पाठवायचं, कागदावर लिहायचं 'सुटे भाग'. अशा पळवाटेला आपण सगळे कौतुकाने हुशारी म्हणतो!

दोन खोकी रवाना झाली होती. तिसऱ्याचे कागद घेऊन वहिनी पॅकिंगमध्ये आली, तेव्हा म्हातारे फिटरकाका झाकण ठोकायचं सोडून उभे होते.

"वहिनी, सुटा भाग माणूस कधी मागवतो?"

"मोडला की."

"या गिऱ्हाइकाला आपण यंत्रच विकलेलं नाही. मग मोडलं काय? तिन्ही खोकी एकत्र द्या, मी दिवसभरात अख्खं यंत्र उभं करून दाखवतो."

"ते वरचे ठरवतात, काका. मी नुसती सही करते."

"त्यांना तुमची तेवढीच तर हवी असते."

वहिनीला राग आला. तरी जागेवर येऊन तिने कागदावर गिऱ्हाईक म्हणून लिहिलेल्या 'संशोधन संस्थे'चा नंबर फिरवला. फोन एका गोदामात वाजला. माल इथून पुढे जातो, पलीकडचा माणूस म्हणाला. कुठे ते आम्ही विचारत नाही, आम्ही नुसती पोच देतो. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, मी सही करणार नाही," ती दिराच्या केबिनमध्ये म्हणाली.

"वहिनी, घरात भांडणं नकोत. तुम्ही नाही केलीत तर दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे. मी परवाना कार्यालयात कळवतेय. माझ्या आधीच्या दोन सह्यांसकट."

तिसरं खोकं फाटकातच अडवलं गेलं. दिराची नोकरी गेली, तिचीही. सासूबाई अजून तिच्याशी बोलत नाहीत, आणि नवरा बोलतो ते टोमणेच.

मंडळी, आपला माल कुणाच्या हाती जातो हे विचारणं एकट्या सरकारचं काम नाही. ज्याची सही, त्याने आधी विचारायचं. 'मी नुसती सही करते' असं म्हणत आपण रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावरून अंग काढून घेतो, आणि शहाणपण सुचतं ते माल गेल्यावर.

जबाब घेताना अधिकाऱ्याने वहिनीला विचारलं, "पहिली दोन खोकी आता कुठे आहेत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. ते आजवर कुणालाच कळलेलं नाही.