नाव न सांगता दिलेली पूड

घरात माणसं चार आणि औषधं चौदा, अशी रजनीच्या घराची गत झाली होती. तिचा नवरा विलास शाळेची बस चालवायचा. दिवाळीनंतर एका सकाळी पिरंगुटच्या घाटात त्याचे हात थरथरायला लागले, छाती धडधडली, आणि पोरांनी भरलेली बस कडेला लावून त्याने जी चावी काढली ती परत लावलीच नाही. झालं! तेव्हापासून माणूस घरात आणि गाव दारात. नणंदेने भूगावच्या दुकानातून अश्वगंधाची डबी आणली. शेजारच्या वाल्मीकने ब्राह्मीचं तेल आणून स्वतःच्या हाताने विलासच्या टाळूवर थापलं. कुणी शंखपुष्पीचं सरबत आणलं, कुणी गुळवेलीचा रस. "डोस्कं कसं थंड पडंल बघ," म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. चहा करून करून रजनीचं डोकं तापलं होतं, त्यावर मात्र कुणी काही आणत नव्हतं.

पौडच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही ती न चुकता देत होती. तीन आठवड्यांत फरक पडेल, असं त्या म्हणाल्या होत्या. तीन गेले, पाच गेले. विलास उलट जास्तच खचला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा, उठला की गरगरायचं. आणि काल त्याने भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "रजने, मी नसलो तर तुमचं बरं व्हईल."

सकाळ होताच रजनीने दीर शंभूला विलासजवळ बसवलं, घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत भरल्या आणि पौडला जाऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतल्या.

बाईंनी एकेक डबी वाचून बाजूला ठेवली. शेवटी वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी उघडली. आत करडी पूड.

"ही कशाची?"

"आमच्या वरच्या वाडीतली सारजामावशी हाय, तिनं दिलीया. झोपेसाठी."

"पण आहे कशाची?"

"ती नाव सांगत न्हाई. नाव सांगितलं की मुळीचा गुण जातो."

बाईंनी चष्मा काढला. "रजनीताई, झोपेच्या काही मुळ्यांनी रक्तदाब उतरतो, मन आणखी खचतं. माझ्या गोळ्यांबरोबर पोटात काय जातंय ते मला कळायला हवं. ही पूड आजपासून बंद. विलासना एकटं सोडू नका, दुपारी इकडे आणा. आणि त्याआधी मला हिचं नाव आणून द्या."

रजनी तशीच स्कूटीवरून वरच्या वाडीला गेली. सारजाबाई अंगणात शेरडं बांधत होती. पंचक्रोशीत तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. भल्या पहाटे आंघोळ करून डोंगरात जायची, मुळी खणून घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. कुणाकडून पैसा घ्यायची नाही, आणि नाव तर मेली तरी सांगायची नाही.

"मावशे, त्या पुडीचं नाव सांग."

"न्हाई."

"अगं, डॉक्टरीणबाई इचारत्यात."

"त्यास्नी बी न्हाई."

"बरं, मी झाडांची नावं घेते, तू नुसती मान हलव."

"मान हलवली काय आन् सांगितलं काय, एकच की गं."

"मग लांबनं झाड तरी दाव!"

"दावलं म्हंजी सांगितलंच."

रजनीने कपाळावर हात मारून घेतला. देवही दगडाचाच असतो, पण निदान तो उलट उत्तरं देत नाही!

"तुझा गुण घाल चुलीत!" ती ओरडली. "तिकडं माझा नवरा म्हनतोय, मी नसलो तर तुमचं बरं व्हईल! आन् तू हितं झाडाचं नाव राखत बसलीयास?"

सारजाबाईच्या हातातलं दावं गळून पडलं.

"असं म्हनला? भिंतीकडं तोंड करून पडतोय का?"

"दिवसभर."

"उठल्यावर गरगरतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

सारजाबाई घराकडे वळून बघायला लागली. आत गोधडीवर तिची सून सोनाली पडली होती, तिच्या मुलाची, सिद्धनाथची बायको. आषाढात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून पोरीची झोप उडाली होती, एवढं रजनीच्या कानावर होतं.

"तिला बी तीच पूड देतीया," सारजाबाई म्हणाली. "आधी झोप लागली. मला वाटलं, गुण आला. मग ती बोलायचीच थांबली. परवा म्हनली, आत्या, मी गेले तर तुमास्नी दुसरी सून आनता यील."

"मग तू काय केलंस?"

"पूड वाढवली."



सारजाबाईने पदराने तोंड पुसलं. "सासूनं मरताना माझ्या कानात सांगितलं व्हतं. चाळीस वरसं कुनाला सांगितलं न्हाई." मग तिने डोंगराकडे तोंड केलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सर्पगंधा!"

रजनीने तिथूनच फोन लावला. "मला तीच शंका होती," बाई म्हणाल्या. "विलासना लगेच घेऊन या."

"बाई, एक न्हाई, दोघं हायेत," रजनी म्हणाली आणि तिने सोनालीचंही सगळं सांगितलं. मग शंभूला फोन करून विलासला थेट पौडला घेऊन यायला सांगितलं.

सारजाबाईने सोनालीला हाताला धरून बाहेर आणलं, तिचे विस्कटलेले केस बोटांनी सारखे केले आणि तिला स्कूटीवर बसवलं. मग रजनीचा दंड धरून हळूच म्हणाली, "बाईला सांग, पोरीनं मागितली न्हवती. मीच देत व्हते."

"मी एकटी न्हाई सांगायची," रजनी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला रोज दुधात कालवून मीच पाजली की गं. दोघी मिळून सांगू. बस मागं."